मेख आणि पाचर

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर योसेमिटी नावाची एक खोल दरी आहे. तिच्या दोन्ही अंगांस करड्या ग्रॅनाइट खडकाच्या उभ्या भिंती आहेत. त्यांतील एल कॅपिटन हा कडा तर पायथ्यापासून सुमारे ३००० फूट सरळ वर गेलेला आहे. तो चढून जावे अशी जगभरच्या प्रस्तरारोहकांची मनीषा असते, आणि त्यांची धडपड दुर्बिणीतून पाहणाऱ्या प्रवाशांचीही खालच्या कुरणात गर्दी होते. परंतु याच एल कॅपिटनच्या पूर्वेस, रस्त्यालगतच्या झाडीआड, एक ठेंगणा कडा उभा आहे. त्याच्याकडे प्रवाशांचे सहसा लक्षही जात नाही. त्याचे नावही काही भूषणावह नाही. 'मन्युअर पाइल बट्रेस' असे त्यास म्हणतात. म्हणजे उकिरड्याचा बुरूज! एके काळी याच्या पायथ्याशी तबेल्यांतील लिदीचे ढीग टाकीत असत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

या बुरुजावर 'आफ्टर सिक्स' आणि 'नटक्रॅकर' अशा दोन प्रसिद्ध वाटा आहेत. वाट म्हणजे येथे पायवाट नव्हे. खडकातील भेगांच्या आधाराने उभ्या कातळावर चढत जाण्याचा मार्ग. प्रस्तरारोहणाचे पहिले धडे संपवून मोठ्या चढणीस हात घालू पाहणारे आजही प्रथम येथे येतात. कातळावर कसे चढावे हे तर ते येथे शिकतातच. परंतु कातळाशी कसे वागावे, या प्रश्नाचे अमेरिकेतील उत्तरही बऱ्याच अंशी याच ठेंगण्या कड्यावर मिळाले.

भेगा येतात कोठून? ग्रॅनाइट हा जमिनीच्या पोटात, खोलवर, तप्त शिलारस सावकाश निवत जाऊन बनलेला खडक होय. योसेमिटीतील बराचसा ग्रॅनाइट सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी असा तयार झाला. पुढे त्याच्यावरचे जाड थर झिजून वाहून गेले, वरचे ओझे हलके झाले, आणि आजवर दाबाखाली असलेल्या खडकास तडे गेले. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड नद्यांनी दरी खरवडून काढली, तेव्हा त्या भिंती उघड्या पडल्या. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाच्या थरावर थर साचून झालेला आहे. म्हणून त्याच्या कड्यांवर आडव्या पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. योसेमिटीत असे टप्पे फार थोडे. तेथे पुष्कळ ठिकाणी घासून गुळगुळीत केल्यासारखा खडक आणि त्यातून उभ्या धावणाऱ्या भेगा, एवढाच काय तो चढणाऱ्याचा आधार.

भिंतीतून पुढे आलेला दगड धरून चढणे कोणासही सुचेल. भेगेतून चढण्याची रीत मात्र शिकावी लागते, कारण येथे धरण्याजोगे काही नसतेच. आपला हातच खडकात अडकवावयाचा असतो. पंजा सरळ करून भेगेत घालावयाचा आणि मग अंगठा तळहाताकडे आडवा वळवावयाचा. त्यासरशी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग फुगतो, आणि पंजा भेगेच्या दोन्ही भिंतींवर दाबला जाऊन घट्ट बसतो. पंजा सैल बसेल इतकी भेग रुंद असेल, तर आत मूठ आवळावी. पंजा जात नसेल, तर बोटांची पेरेच अडकवावी. पायांचेही तसेच. पाऊल कुशीवर कलते करून भेगेत सरकवावयाचे आणि गुडघा सरळ करावयाचा, म्हणजे पाऊल पिळले जाऊन रुतून बसते. मग त्याच्यावर जिन्याच्या पायरीवर राहावे तसे उभे राहता येते.

नवशिका येथे हमखास चुकतो. तो सारे अंग हातांच्या बळावर ओढू पाहतो, आणि दहा-पंधरा फुटांतच त्याचे बाहू भरून येतात. जाणता चढणारा पायांवर उभा राहतो. हातांचे काम केवळ तोल सांभाळण्याचे. तरीही हाताच्या पाठीची सालटी निघतातच. म्हणून पुष्कळजण आधीच चिकटपट्टी गुंडाळून घेतात.

हात किंवा पाय निसटलाच, तर जीव वाचावा यासाठी दोर असतो. परंतु हा दोर वरून कोणी सोडलेला नसतो. वर कोणीच नसते! दोघे चढणारे एका दोराची दोन टोके आपापल्या कमरेस बांधतात. एकजण पुढे चढतो. दुसरा खाली थांबून बेताबेताने दोर सोडीत राहतो. पुढचा गडी जसजसा वर जाईल, तसतसा तो भेगेत काही तरी पक्के रोवतो आणि त्याला लावलेल्या कडीतून आपला दोर ओवून घेतो. समजा, शेवटच्या कडीपासून तो १० फूट वर गेला आणि पडला, तर कडीपर्यंत १० आणि कडीच्या खाली आणखी १० असा २० फूट, व दोर ताणला जाईल तेवढा अधिक, तो खाली येईल. खालचा सोबती दोर आवळून धरील आणि पडणारा अधांतरी लोंबकळत राहील. हे सारे त्या भेगेतल्या रोवलेल्या वस्तूवर अवलंबून. ती उपटली, तर वरच्या हिशेबातले सगळे आकडे बदलले.

ती वस्तू कोणती असावी, याबद्दलच पुढे मोठा वाद झाला.

पूर्वीची रीत अशी होती, की भेगेत हातोड्याने लोखंडी मेख ठोकावयाची. युरोपातील मेखा मऊ लोखंडाच्या असत. ठोकली की ती भेगेच्या वेड्यावाकड्या आकारात दबून बसे. ती पुन्हा काढणे कठीण, म्हणून बहुधा तिथेच राही. योसेमिटीच्या टणक ग्रॅनाइटात या मऊ मेखांचा निभाव लागेना. तेव्हा १९४० च्या दशकात जॉन सालाथे नावाच्या, मूळच्या स्वित्झर्लंडच्या एका लोहाराने कठीण पोलादाच्या मेखा घडविल्या. जुन्या फोर्ड मोटारीच्या आसाचे पोलाद त्यांनी त्यासाठी वापरले, अशी कथा आहे. या मेखा वाकत नसत, मोडत नसत. मागून येणारा गडी त्यांना डावीउजवीकडे हातोड्याचे घाव घालून सैल करी आणि काढून घेई. तीच मेख पुढच्या टप्प्यास, पुढच्या कड्यास आणि पुढच्या वर्षासही उपयोगी पडे.

यात खर्चाची बचत झाली, आणि कड्यावर लोखंड राहिनासे झाले म्हणून ही रीत अधिक स्वच्छही वाटली. परंतु नुकसान होत होते ते निराळेच. प्रत्येक जोडी मेख ठोकी आणि प्रत्येक जोडी ती घाव घालून उपटी. दर वेळी खडकाचा थोडा चुरा गळून पडे. एकाच भेगेत शेकडो वेळा असे झाल्यावर जिथे करंगळी जेमतेम जात होती, तिथे अंगठ्याएवढी भोके पडली. वाट जितकी लोकप्रिय, तितकी तिची दुर्दशा अधिक. कातळ पुन्हा वाढत नाही. झाडाची फांदी तोडली तर निदान नवी फुटते. ग्रॅनाइटाची भेग एकदा फुटली, की कायमची फुटली.

उकिरड्याच्या बुरुजावरील आफ्टर सिक्स ही वाट १९६५ मध्ये, म्हणजे मेखांच्या याच काळात, इव्हॉन शुनार्ड आणि रूथ श्नायडर यांनी प्रथम चढून काढली. शुनार्ड हे उत्तम चढणारे होते आणि लोहारकामही ते स्वतःच शिकले होते. १९५७ पासून ते पोलादी मेखा घडवीत आणि आपली हत्यारे मोटारीत घालून हिंडत हिंडत त्या विकीत. पुढे तर त्यांचा कारखानाच उभा राहिला. या मनुष्याचे नाव ध्यानात ठेवावे. ते पुढे अनपेक्षित रीतीने येणार आहे.

इकडे अटलांटिक महासागरापलीकडे वेल्समध्ये काही निराळेच चालले होते. तेथील चढणाऱ्यांस मेखा ठोकणे कमीपणाचे वाटे. भेगेत निसर्गतःच एखादा दगड अडकलेला दिसला, तर त्याभोवती दोराचा फास टाकून ते तोच आधार घेत. पुढे १९२० च्या दशकात कोणी खिशातून गोटे नेऊन भेगेत अडकवू लागले. स्नोडन पर्वतावर १८९६ पासून दातेरी रुळांची एक छोटी आगगाडी चालते. तिच्या रुळांच्या कडेने कड्याकडे चालत जाताना पडलेले लोखंडी नट सापडत, नटबोल्टांतले नट तेच. गोट्यापेक्षा नट बरा. त्यास मध्ये आयतेच भोक असते, त्यातून दोर ओवता येतो! आतले आटे दोरास कापतील म्हणून ते कानशीने घासून टाकीत. १९६१ च्या सुमारास चढणीसाठी मुद्दाम बनविलेले नट इंग्लंडात निघाले, आणि मग रुळांकडे पाहत चालण्याची गरज उरली नाही.

नट काम कसे करतो, हे ज्याने सुतारास पाचर मारताना पाहिले आहे त्यास चटकन समजेल. भेग काही वरपासून खालपर्यंत सारखी रुंद नसते. कुठे फुगते, कुठे आवळते. जिथे ती खाली निमुळती होत गेली असेल, तिथे नट वरच्या रुंद जागी घालावयाचा आणि दोरीने खाली ओढावयाचा. तो अरुंद जागी जाऊन अडकतो. खालून जितका झोका बसेल, तितका तो अधिकच घट्ट रुतणार. काढावयाचा झाला, तर खालून वर ढकलला की पुरे. हातोडा नको, घाव नको. मात्र यात एक गोम आहे. मेख ठोकावयाला बळ लागते, नट बसवावयाला नजर लागते. भेगेचा आकार पाहून शेजारच्या दहा जागांतून नेमकी जागा हेरावी लागते आणि कमरेला लटकणाऱ्या नटांतून नेमक्या मापाचा निवडावा लागतो. शिवाय नट खालच्या ओढीस पक्का, पण वरच्या ओढीस कच्चा. पुढे चढत जाणाऱ्याच्या दोराने तो वर उचलला गेला, तर निघून येतो. म्हणून नट आणि दोर यांच्यामध्ये लांब पट्टा घालावा लागतो.

रॉयल रॉबिन्स हे त्या काळी योसेमिटीतील अग्रगण्य चढणाऱ्यांपैकी एक होते. हाफ डोम या कड्याची वायव्येकडील भिंत १९५७ मध्ये ज्या तिघांनी प्रथम जिंकली, त्यांचे ते नेते. १९६६ मध्ये ते ब्रिटनला गेले, तेथील नटांची करामत पाहिली आणि परतल्यावर त्यांनी तिचा प्रयोग आरंभिला. १९६७ च्या मे महिन्यात ते आणि त्यांची पत्नी लिझ रॉबिन्स उकिरड्याच्या बुरुजाशी आले. आफ्टर सिक्सपासून जवळच भेगांची दुसरी एक रांग वर गेली होती. ती दोघे ती वाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत केवळ नटांच्या आधारे चढून गेली. एकही मेख ठोकली नाही. वाटेचे नाव ठेवले नटक्रॅकर. इंग्रजीत कठीण कवचाच्या फळासही नट म्हणतात, आणि ते फोडण्याचा आडकित्त्यासारखा चिमटा तो नटक्रॅकर.

रॉबिन्स यांनी याहून अवघड वाटा कितीतरी काढल्या होत्या. मग या सोप्या वाटेचे एवढे महत्त्व का? ती सोपी आहे, हेच तिचे महत्त्व. एखाद्या भयंकर भिंतीवर रॉबिन्स यांनी नट वापरले असते, तर लोक म्हणाले असते, 'त्यांना साधेल. आपली मेखच बरी.' नटक्रॅकरवर तसे म्हणण्याची सोय नव्हती. चार-दोन हंगाम शिकलेला मनुष्यही तेथे जाऊन, स्वतःच्या हाताने नट बसवून, स्वतःच्या वजनाने ओढून तो टिकतो की नाही हे पाहू शकत होता. शिवाय अशी सुरेख आणि आटोक्यातली वाट लोकप्रिय होणार हे उघडच होते; आणि मेखांच्या दिवसांत लोकप्रियता हाच भेगांचा काळ ठरत असे.

सोपी म्हणजे किती सोपी? अमेरिकेतील चढणारे वाटांस अंक देतात. ज्या चढणीस दोराची जोड हवी तिचा वर्ग पाचवा. त्यापुढे दशांशचिन्ह देऊन अवघडपणा दाखवितात. आरंभी ५.० पासून ५.९ पर्यंतच अंक होते. पुढे त्याहून अवघड वाटा निघाल्या, तेव्हा ५.१०, ५.११ असे मोजू लागले आणि आता ही मोजणी ५.१५ पर्यंत पोचली आहे. गणिताच्या शिक्षकांस हे मुळीच पटणार नाही, कारण गणितात ५.१० हा ५.९ हून लहान! आफ्टर सिक्सला ५.७ हा अंक आहे, नटक्रॅकरला ५.८. तथापि सोपी याचा अर्थ धोका नाही असा नव्हे. पुढे चढणारा मनुष्य अनुभवीच हवा. नवशिक्याने मागून यावे, पुढच्याने बसविलेला प्रत्येक नट काढताना तो तेथेच का बसविला होता हे पाहावे. नट बसविण्याची विद्या पुष्कळशी अशी काढतानाच येते.

नटक्रॅकर सुमारे ५०० ते ६०० फूट उंच असून ती साधारणपणे पाच टप्प्यांत चढतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी उभे राहण्याजोगी जागा असते; तेथे पुढचा गडी स्वतःस खडकाशी बांधून घेतो आणि मागच्यास वर घेतो. वाट दक्षिणेकडे तोंड करून असल्याने उन्हाळ्यात दुपारी खडक चांगलाच तापतो. बहुतेक चढण भेगांतील आहे. शेवटच्या टप्प्यात मात्र एक विनोदी अडचण आहे. इतका वेळ हात अडकवीत आलेल्या मनुष्यासमोर अकस्मात कातळाचा एक फुगवटा येतो. त्यावर दोन्ही तळहात टेकावयाचे, अंग दाबून वर उचलावयाचे आणि मग हातांच्या जागी पाय आणावयाचा. आवाराच्या भिंतीवर चढून बसणारी मुले हेच करतात. फरक एवढाच, की त्यांच्या खाली ५०० फूट दरी नसते. येथे पडून घोटे मोडून घेतलेले लोक थोडेथोडके नाहीत. तो ओलांडला, की माथा आला. तेथून उतरावयास कड्याच्या बाजूने पायवाट आहे.

नटक्रॅकरनंतर सगळे एका दिवसात बदलले असे मात्र नाही. ॲल्युमिनियमच्या चिमुकल्या तुकड्यावर जीव टांगावयास पुष्कळजण तयार नव्हते. मेख आत जाताना दर घावासरशी तिचा सूर चढत जातो, त्या आवाजाने मन निर्धास्त होई. नट तर मुकाट्याने आत बसतो. निकाल लागला तो १९७२ मध्ये. शुनार्ड यांचा कारखाना तोवर चढणीच्या सामानाचा अमेरिकेतील सर्वांत मोठा कारखाना झाला होता, आणि त्याची मुख्य मिळकत मेखांचीच होती. एल कॅपिटनवरील भेगांची झालेली दशा त्यांनी पाहिली, आणि आपणच विकलेल्या मेखा हे करीत आहेत हे ओळखले. त्यांनी व त्यांचे भागीदार टॉम फ्रॉस्ट यांनी मेखांचा धंदा आवरता घेण्याचे ठरविले. त्या वर्षीच्या मालाच्या यादीत त्यांनी मेखांमुळे होणारी हानी उघड लिहिली, आणि डग रॉबिन्सन यांचा १४ पानांचा लेख छापून नट कसे वापरावे हे समजावून सांगितले. काही महिन्यांतच मेखांची विक्री ओसरली आणि नट पुरविता पुरविता कारखाना थकला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, रॉबिन्सन, डेनिस हेनेक आणि गॅलन रोवेल हे तिघे हाफ डोमची ती प्रसिद्ध भिंत एकही मेख न ठोकता चढून गेले.

पुढे या पाचरीस धाकटे भावंडही मिळाले. समांतर भेगेत नट अडकत नाही, कारण आवळणारी जागाच नसते. रे जार्डिन यांनी त्यावर तोड काढली. खटका दाबला की मिटणारे आणि सोडला की स्प्रिंगेने उघडून भेगेच्या दोन्ही बाजूंस भिडणारे, वाटोळ्या कडांचे एक यंत्र त्यांनी बनविले. खाली ओढ बसली, की त्याच्या कडा बाहेर दाबतात. 'फ्रेंड', म्हणजे मित्र, या नावाने ते १९७८ मध्ये बाजारात आले. आज चढणाऱ्याच्या कमरेस नट आणि मित्र दोन्ही लटकत असतात. हातोडा दिसतो तो क्वचितच, फार अवघड भिंतींवर.

मेखांनी केलेल्या जखमा मात्र तशाच आहेत. मौज अशी, की योसेमिटीतील 'सेरेनिटी क्रॅक' या वाटेवर त्या जुन्या भोकांत बोटे घालूनच आज लोक वर जातात. ती भोके नसती, तर ती चढण याहून कितीतरी अवघड झाली असती. आणि नटाने खडक फुटत नाही हे खरे असले, तरी माणसाचे येणेजाणे अगदीच निशाणावाचून राहत नाही. आफ्टर सिक्सच्या पहिल्या टप्प्यातील भेग हजारो बुटांच्या तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झाली आहे. त्यामुळे त्या वाटेचा सर्वांत खालचा तुकडाच सर्वांत निसरडा आहे, आणि सुटीच्या दिवशी सकाळी आपली पाळी येण्याची वाट पाहत पायथ्याशी उभी असलेली मंडळी पहिल्या गड्याचा पाय तेथे किती वेळा घसरतो, हे मोठ्या कौतुकाने मोजीत असतात.